झऱ्यातलं झाड

शहर वसायच्या आधीपासून ते झाड तिथे होतं, मुळाशी झरा होता. भोवतीची बाग नंतरची. यंदा झाड वठलं, म्हणून बागेच्या माळ्याने आज सकाळी ते मुळापासून तोडलं.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली आणि हात धुवायला झऱ्यावर वाकली. पाण्यात झाड उभं होतं, पानांनी गच्च भरलेलं. तिने दचकून वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

"अहो, जरा इकडे या!"

माळी आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकला. "कुठे काय? ऊन लागलंय तुला."

तिने पुन्हा पाहिलं. पाण्यात झाड होतं, ती होती. तिच्या शेजारी कोणीच नव्हतं.

"चल, भूक लागलीय," तिच्या कानाशी तो म्हणाला.

तिला मान वळवायचा धीर होईना.