दिव्यावरची टिकली

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर लावलेली टिकली एका कडेने सुटली होती. तेवढ्या फटीतून तांबडा उजेड लुकलुकत होता, झोपेत कुणाचा डोळा अर्धवट उघडा राहावा तसा.

औशाच्या नाक्यावर बसलिंगप्पाच्या दुकानापुढे ट्रक उभा होता, इंजिन चालू. केबिनमध्ये तनुजा एकटीच, मांडीवर सात महिन्यांची लेक. शेजारी ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर थोरल्या दिराचा, दयानंदचा टॉवेल अजून तसाच होता. घाम वाळून कडक झालेला. दहा महिने ट्रक गोठ्यामागे उभा होता, पण त्या टॉवेलाला हात लावायला घरातलं कुणी धजलं नव्हतं.

टिकली तनुजाचीच होती. बाळंतपणाला दयानंदबरोबर याच ट्रकमधून हदगावला, माहेरी जाताना तिने ती लावली होती. गाडी आदळली की हा दिवा लागायचा आणि ती दचकून विचारायची. "भाऊजी, परत लागला. भाऊजी, हे काय आहे?" दयानंद हसला होता. "लईच भ्या वाटत असंल तर झाक की त्याला. लातूरला गेल्यावर दाखवतो." तिने कपाळावरची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. मग तिला झोपसुद्धा लागली होती.

"बाई, हेडलाइट लावा," बॉनेटमागून बसलिंगप्पा ओरडला.

तिने वाकून बटण दाबलं.

"आता दिवा कसा करतोय?"

"जास्त लुकलुकतोय."

"आता?"

"विझला."

"अन् आता?"

"लागला," ती म्हणाली. लेक टक लावून दिव्याकडेच बघत होती.

"सापडलं! सोमेश, हिकडं ये." बसलिंगप्पाने तिच्या नवऱ्याला जवळ बोलावलं. "आल्टरनेटरच्या वायरचं टोक बघ. नट ढिला, तोंड पार जळून गेलंय. गाडी आदळली की सुटतंय, परत टेकतंय. बॅटरी चार्ज व्हावी कशी?"

"नवी बॅटरी टाकली की, अप्पा."

"बॅटरी काय करंल बापडी? अन् हे आजचं न्हाई. वर्षाचं तरी जळणं हाय हे."

सोमेशने वायर हातात घेतली. जळकं टोक अंगठ्याने घासून पाहिलं.

"म्हंजे त्या रात्रीबी हेच?"

"हाव. बॅटरी उतरत गेली, दिवे गेले, गाडी बसली."

तनुजाला माहेरी सोडल्यावर पुढच्याच खेपेला, रात्री नायगावच्या पुढे गाडी बंद पडली तेव्हा मागचा एकही दिवा लागत नव्हता. दयानंद मागे दगड लावायला उतरला होता. मागून येणाऱ्या गाडीला ना ट्रक दिसला, ना तो.

"पर चार्जिंग थांबलं की हा दिवा आधी सांगतो की," सोमेश म्हणाला. "दादाची नजर घारीवाणी. दिवा लागला अन् दादा गाडी तशीच पुढं न्हेईल? त्याला दिसला कसा न्हाई?"

बसलिंगप्पाने फडक्याला हात पुसले. "ते मला नको इचारू."

"इचारायचं काय त्यात? आई म्हणती तेच खरं. निघताना वहिनीनं भांडण काढलं. दादाचं डोकं ठिकाणावर न्हवतं." सोमेशने वायर खाली टाकली. "शुक्रवारी तिचा भाऊ येतोय न्यायला. जाऊ द्या एकदाची."

वहिनी म्हणजे शिवकांता, दयानंदची बायको. दहा महिने सासू हेच बोलत होती. शिवकांता ऐकून घ्यायची आणि तनुजाच्या लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. आज सकाळीही घातलं होतं. लेकीच्या टाळूला अजून तेलाचा वास होता.

तनुजाने टिकलीखाली नख घातलं. ती लगेच निघाली. मागचा डिंक वाळून धूळ झाला होता. दिवा उघडा पडला, सगळाच्या सगळा, आणि लेकीने त्याच्याकडे हात केला.

टिकली नखावर होती. फुंकर मारली असती तर पायाखालच्या मॅटवर पडली असती, आणि औशात कुणाला कळलंही नसतं. बसलिंगप्पा नवं टोक बसवत होता. सोमेश पाठमोरा उभा राहून उद्याच्या सोयाबीनच्या मालाबद्दल फोनवर बोलत होता. दहा महिन्यांनंतरची गाडीची पहिली खेप. उद्या याच सीटवर तो बसणार होता.

"झालं!" बसलिंगप्पाने आवाज दिला. "बघा बाई, गेला का दिवा?"

गेला होता. तिथे नुसती काळपट काच राहिली होती.

"अहो," तिने हाक मारली. "जरा वर या."

"काय झालं आता? गेला न्हाई का?"

"या तर."

सोमेश चढून दयानंदच्या टॉवेलाला पाठ न लावता बसला.

"इंजिन बंद करा. चावी राहू द्या."

त्याने इंजिन बंद केलं. दिवा लागला, न लुकलुकता, स्थिर.

"आता तो लागणारच की," तो म्हणाला. "इंजिन चालू झालं की विझतो. बीएस्सी झालीस अन् एवढं ठाऊक न्हाई?"

तिने तळहात पुढे केला. त्यावर धुळकटलेली मरून टिकली होती. त्याने ती पाहिली, पण त्याला उमगलं नाही. मग तिने कपाळावरची टिकली काढली, तोच रंग, तेवढाच आकार, आणि वाकून दिव्यावर नीट दाबून बसवली.

"भाऊजी मला हदगावला सोडायला आले तेव्हापासून हा असा झाकलेला होता," ती म्हणाली. "आता सांगा. दिसतोय का?"

लेक रिकाम्या डॅशबोर्डकडे बघत दिवा शोधत होती. खाली बसलिंगप्पा हत्यारं गोळा करत होता, त्याचा खणखणाट तेवढा येत होता.

"न्हाई," सोमेश म्हणाला. तो दिव्याकडे बघत नव्हता.