पोकलेनचा घास

"अगं, गाळ काढतेयस की सडा घालतेयस?" तळ्याच्या काठावरून नवरा ओरडला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पोकलेनवर मी बसले होते. आधी मशीनच्या लांब हाताचा बूम उचलायचे, मग पुढचा आर्म ओढायचे, मग टोकाचं बकेट वळवायचे. तोवर निम्मा गाळ खाली! संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर ठेकेदार दुसरं मशीन लावणार होता.

डाव्या हातानं जेवायचं नाही, म्हणून दुपारी मीच त्याला भरवत होते. चावता चावता तो थांबला. "घास देताना आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, असं एकेक हलवतेस का?"

मी हाताकडे बघितलं. तिन्ही एकदमच हलत होती की!

जेवण टाकून केबिनमध्ये चढले. दोन्ही दांडे एकदम हलवले. बूम उठता उठता आर्म आत आला, बकेट वळलं, ढेकूळभरसुद्धा सांडलं नाही. मला हसूच आवरेना. उतरले, बकेटचा दात पुसून त्यावर डब्यातला लाडू ठेवला आणि पुन्हा वर चढून तो अलगद नवऱ्याच्या तोंडापाशी नेला.

"वहिनी, नाव घ्या!" गाळ न्यायला थांबलेल्या डंपरवाल्यांनी गलका केला.

"बूम, आर्म, बकेट चालवते जोडीनं,
हणमंतरावांना लाडू भरवते गोडीनं!"

हणमंतरावांनी डोळे गच्च मिटले आणि आ केला.