खळ्यावरची खोटी लढाई

जर्मनीशी लढायच्या आधी पलटणीनं सांबऱ्याच्या माळावर खोटी लढाई काढली, आणि माळाच्या मधोमध भावकूचं खळं होतं. वर्षाचा जोंधळा रास होऊन पडलेला. आभाळ काळं झालेलं. भावकू आणि त्याची बायको जयाबाई पोती भरायच्या घाईत होती.

हवालदार परशराम बारा शिपाई घेऊन, संगिनी रोखून, आरोळी ठोकत आला.

"अरं रं रं!" भावकू हात पसरून आडवा झाला. "पायतानं घालून राशीवर चढताय व्हय? कुनाची रं पोरं तुम्ही?"

सगळी शेतकऱ्यांचीच. जिभा चावून ती खाली बसली. पायाच्या पट्ट्या सोडल्या, बुटं खळ्याबाहेर ओळीनं मांडली, राशीला हात जोडले आणि अनवाणी खळं जिंकलं.

लढाईचे पंच सुभेदार मारुतीराव. दंडाला पांढरी पट्टी. त्यांनी शिट्टी फुंकली.

"बुटं काढेस्तवर दुश्मनानं भाजलं असतं तुम्हाला! तेराच्या तेरा मेलाय. पडा!"

तेराजण पडले. निम्मे राशीवरच.

पावसाचा टपोरा थेंब आला. "अरं, एक पोतं तरी उचलू लागा," जयाबाई म्हणाली.

"मेलोय वैनी," परशराम डोळे मिटून कुजबुजला. "सांजच्या शिट्टीपतोर हलता येत न्हाय."

मग खळं परत जिंकायला लाल बाजूची, म्हणजे खोट्या दुश्मनाची, लारी आली. मेलेल्यांना तिनं नीट वळसा घातला आणि उरलेल्या जोंधळ्यावरनं गेली.

मारुतीराव लई खूश. "बघितलंस भावकू? दर्यात जहाजं फिरवून काय हुतंय? जिमिनीवर ज्याची फौज, त्याचं राज्य!"

भावकू चाकाच्या खाचंतला जोंधळा नखानं उकरत होता. "मग हे राज्य आता कुनाचं, साब?"

"लाल बाजूचं."

"आन ते खानार काय?"

जयाबाई सूप घेऊन चाकोरीत बसली. मातीत रुतलेला दाणा वेचू लागली.

"ओ आक्का, उठा तिथनं!" मारुतीराव ओरडले. "तिथं तोफेचा गोळा पडलाय. तुम्हीबी मेलाय!"

जयाबाई बाजूला थुंकली.

"मेलो तर मेलो. खांद्याला चौघं तेवढं द्या, सुभेदार. पोती उचलायची हायत."