प्रेसखालचा हात

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली कुणाचा हात आला, तर कॅमेऱ्यातून पाहून मशीन थांबवायचं, एवढंच थोरल्याच्या प्रोग्रामचं काम. पण चित्र तपासून झालं तरी त्याने अडवलेली मेमरी सुटेना. ती फुगत जाई आणि मशीन ठप्प होई.

"आज निस्तर, नाहीतर तुझा पहारा काढून मशीन चालवतो," फोरमन म्हणाला. प्रेसवर कामाला त्याचा धाकटा भाऊ उभा होता.

थोरल्याने ती मेमरी उघडून पाहिली. प्रत्येक चित्रात तोच एक हात होता, झोपेत लेकराने आईला चाचपावं तसा पसरलेला. प्रेसखाली मात्र नुसतं पोलाद.

"दादा, भूत पाळलंयस की काय?" धाकटा हसला.

"गप रे. दोन्ही हात वर कर."

मेमरी जबरदस्तीने मोकळी करणारी ओळ त्याने लिहिली, प्रोग्राम कंपाइल केला आणि चालवला.

प्रेस खाली आदळली. रिकाम्या पोलादावर हाडं कडाकडा फुटली, आणि रक्ताची चिळकांडी धाकट्याच्या तोंडावर उडाली. त्याचे दोन्ही हात वरच होते, धडधाकट.

"दादा... कुणाचं रे हे?"

थोरल्याने पडद्याकडे पाहिलं. मेमरी पुन्हा भरू लागली होती. या खेपेला चित्रात प्रेसखाली धाकट्याचं डोकं होतं, आणि गालावरचं रक्त अजून ओलं होतं.