गोजराबाईची मारबत

"तोंड गोजराबाईचं पाहिजे," गावचा पुढारी दौलतसिंग म्हणाला.

फय्याजच्या हातातली बांबूची कांब तशीच राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाची इडा-पिडा मारबतीवर घालायची आणि तिला शिवेबाहेर नाल्यात सोडून यायचं, मागे वळून पाहायचं नाही, अशी रीत. मारबत म्हणजे बांबू-कागदाची माणसाएवढी बाई. ती घडवायचं काम फय्याजच्या घराण्याकडे, त्याच्या आज्यापासून. पण तिला गावातल्या कुणाचं तोंड कधी दिलं नव्हतं.

"तोंड कायले, भाऊ? हाजी लोकायले विचारा. तिकडं सैतानाले गोटे मारतेत, तं नुसता खांब हाय. ना नाक, ना डोळे."

"तुमच्या सैतानाचं तुमी पाहा. आमच्या गावाले लेकरं खाणारी दिसली पाहिजे."

गाव फय्याजचंही होतं, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

श्रावणात तापाची साथ येऊन दोन लेकरं दगावली होती. दोघांचीही दृष्ट गोजराबाईने काढली होती. तशी तिने फय्याजच्या लेकीची, यूसराचीही काढली होती आणि पोर चांगली खेळायला लागली होती, पण ते कोण ध्यानात घेतो? एकटी म्हातारी चेटकीणच असणार, असं गावाने ठरवून टाकलं. मारबत सोडून आलं की तिचाही निकाल लावायचा, हेही ठरलं. ती पळू नये म्हणून दारात माणसं बसली.

ऑटो चालवणारा देवानंद तेवढा बोलला. "आमच्या विहारात सांगतेत, मार, म्हंजे सैतान, बाहीर नसते, आपल्याच मनात असते. म्हातारीले काहून धरून राह्यले?" त्याला गचांडी देऊन हाकलला. तो तणतणत ऑटो घेऊन रिसोडला गेला. त्याच ऑटोत फय्याजने बायकोला आणि यूसराला मामाकडे बसवून दिलं. फय्याज भित्रा, हे गावाला ठाऊकच होतं.

त्याने तोंड घडवलं. बाकदार नाक, कपाळावरचं गोंदण, बसलेली गालफडं. हुबेहूब उतरलं, आणि त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

करीच्या सकाळी दौलतसिंगने आणखी एक फर्मान काढलं. मारबत गोजराबाईच्याच दारातून उठवायची, अंगावर लुगडंही तिचंच.

फय्याज मारबत खांद्यावर टाकून आत गेला. गोजराबाई चुलीपाशी होती. ते तोंड पाहून ती भिंतीला चिकटली.

"तू बी का रे, फय्याज?"

"लुगडं काढ, माय," तो मोठ्याने म्हणाला, बाहेर ऐकू जाईल असं. मग त्याने दार लोटून घेतलं. नेसवताना मारबत कुणी पाहायची नसते.

बाहेर डफडी वाजू लागली. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं तेव्हा तो घामाने निथळत होता. हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, मारबत तिरडीवर बांधलेली होती. चौघांनी खांदा दिला.

"म्हातारी कुठं हाय?" दौलतसिंगने विचारलं.

"चुलीमागं. तोंड खुपसून बसली."

फय्याजने स्वतःच कडी लावली. दौलतसिंगने तिला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता जाते कुठं!"

"यंदा लय जड हाय बे," खांदेकरी कुरकुरला.

"पीडा बी तं लय झाली गावात," फय्याज म्हणाला. लोक हसले.

चावडीपाशी एकाने गोटा उचलला. फय्याज धावत मधे आला. "शिवेच्या आत फोडू नका! पीडा गावातच सांडते." गोटा खाली पडला.

डफडी क्षणभर थांबली आणि कुणीतरी कोरडं खोकललं. इतक्या वर्षांत फय्याज मारबतीपुढे कधी ओरडला नव्हता. आज तो सगळ्यांच्या वर ओरडला, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" गावाने आवाज उचलून धरला. "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" दौलतसिंगने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आता कसा आमच्यातला झाला!"

फय्याजला रडू येत होतं.

नाल्यात मारबत उतरवली. पलीकडच्या सडकेवर देवानंदचा ऑटो उभा होता, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. लोकांनी पाठ फिरवली आणि मागे वळून न पाहता गावाकडे पळत सुटले. दौलतसिंगने जाताजाता खिशातली किल्ली काढली होती. दोऱ्या-बांबू परत न्यायला फय्याज दरवर्षी मागे राहायचा, तसा आजही राहिला.

गलका दूर जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने चाकू काढून मारबतीच्या पाठीची सुतळी कापली.

"गेली का रे फय्याज," आतून आवाज आला, "सारी इडा-पिडा?"