हात वर

दोन हजार नऊ साली दानेश्वरी कोल्हापुरातल्या घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची, कारण तिची अव्वा लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. आईला उचलून-निजवून तिचे खांदे भरून यायचे.

त्या दुपारी कॅमेऱ्यावरची मीटिंग लांबली. पुण्याहून साहेब म्हणाले, "उठा सगळे, जरा अंग मोकळं करू, हात वर करा."

सगळे उठले.

"दानेश्वरी, आई बऱ्या झाल्या की तुमच्या!"

स्क्रीनवर तिच्या मागं अव्वा हात वर करून उभी होती.

तिनं वळून पाहिलं. अव्वा खाटेवर निपचित पडलेली.

"आता हात खाली," साहेब म्हणाले.

दोन गार हात तिच्या खांद्यांवर टेकले आणि हळूहळू चेपू लागले.

तिनं डोळे मिटले.

"अव्वा, मानेजवळ जरा जोरात चेप की."