एकाच ठिपक्यावर

"आजोबा, तुमच्या घराची जागा मोबाईलवर पुन्हा घ्यायचीय. गावाच्या नकाशात चुकलीय," मी म्हणाले.

यशया आजोबांनी बाजेवरची गोधडी सरकवून मला बसायला जागा केली. तिसगावबाहेरच्या माळावर त्यांचं एकच घर. आम्ही गावातल्या घरांचं सर्वेक्षण केलं होतं बरोबर, पण एक्सेलमधली माहिती सॉफ्टवेअरमध्ये घेताना अक्षांश-रेखांशांचे दशांशचिन्हापुढचे सहा आकडे तुटून दोनच उरले, आणि मूळ फाईलही हाताशी राहिली नव्हती. त्यामुळे माळावरच्या या घरासकट गावातली एक अख्खी गल्ली एकाच ठिपक्यावर येऊन बसली होती.

"बगू," म्हणत त्यांनी मोबाईल घेतला. मी ठिपक्यावर बोट ठेवलं तशी घरमालकांची नावं उघडली. ते एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले.

"एलिझाबेथबाई... कानिफनाथ... साळूबाई..." स्वतःच्या नावापाशी थांबले. "समदी हायेत की गं!"

"चूक आहे ती, आजोबा. लगेच दुरुस्त करते."

"कर की. पन आदी याचा फोटू आमच्या स्टीफनला धाड," ते म्हणाले. "त्याला तिकडं पुन्यात उगाच वाटतं, बाप माळावर एकलाच ऱ्हातो."